सातव्या फेरीतला फोन

मी अमेरिकेत फुटबॉलच्या धंद्यात आहे असं कोल्हापुरात सांगितलं की लोक आधी खूश होतात. मग कोणता फुटबॉल ते सांगतो आणि चेहरे पडतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबाच्या मॅचेस बघत मोठी झालेली माणसं. हेल्मेट घालून, बॉल हातात धरून पळायच्या खेळाला फुटबॉल का म्हणायचं, हे त्यांना पटणं अवघड. मामा तर सरळ विचारतो, "हातानं खेळणाऱ्यांचा हिशेब ठेवतोस होय?"

हो, हिशेबच ठेवतो. मिशिगनमध्ये खेळाडूंच्या एका एजंटच्या छोट्या ऑफिसात आहे. एनएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगच्या, ३२ टीम्सपैकी कुणाकडे कुठल्या जागेवर किती माणसं आहेत, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय, हमीचे पैसे किती आणि नुसते कागदावरचे किती, याचे तक्ते करायचे. त्यातलाच एक तक्ता लॅपटॉपवर घेऊन २७ एप्रिल २०२४ च्या शनिवारी मी ओहायोतल्या टोलिडोला एका घरात सोफ्याच्या कडेला बसलो होतो. ड्राफ्टचा शेवटचा दिवस.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची इथे वाटणी होते. सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिला नंबर. ज्याने तुमचं नाव घेतलं त्याचे तुम्ही. पोराला काही विचारत नाहीत. गुरुवारी रात्री पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी, शनिवारी दुपारपासून उरलेल्या चार. त्या वर्षी एकूण २५७ जागा होत्या आणि सोहळा डेट्रॉइटला, म्हणजे टोलिडोहून तासाभराच्या अंतरावर.

हे नंबर, म्हणजे नाव घेण्याची पाळी, टीम्स आपापसात विकतात, आणि खरी गंमत तिथे आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे कोच जिमी जॉन्सन यांच्यासाठी माइक मकॉय यांनी एक कोष्टक केलं: पहिल्या नंबरला ३००० गुण, सोळाव्याला १०००, दुसरी फेरी सुरू होताना ५८०. पुढे सगळी लीगच त्या भाषेत सौदे करायला लागली. आता प्रत्येक टीमचं स्वतःचं कोष्टक असतं, पण जुनं अजून कुणी विसरलेलं नाही. फसगतीही त्यातूनच होतात. २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सनी पहिला नंबर मिळवण्यासाठी शिकागो बेअर्सना त्या वर्षीचे ९ आणि ६१ हे नंबर दिले, २०२४ ची पहिली फेरी दिली, २०२५ ची दुसरी फेरी दिली आणि वर डी. जे. मूर हा चांगला चालता खेळाडू दिला. मग त्याच हंगामात ते फक्त दोन मॅच जिंकले. परिणामी २०२४ ची जी फेरी त्यांनी देऊन टाकली होती तीच पहिल्या क्रमांकाची निघाली. त्या गुरुवारी डेट्रॉइटला शिकागोने केलेब विल्यम्सचं नाव घेतलं ते कॅरोलायनाच्या जिवावर.

कोष्टकात एक गोष्ट मात्र कुठेच नाही. नंबर टीमला कितीला पडतो ते त्यात असतं. खेळाडूला कितीला पडतो ते नसतं. आमचं ऑफिस चालतं ते या दुसऱ्या हिशेबावर.

टोलिडोला ज्याच्या घरी बसलो होतो तो पोरगा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या फळीतला. छोटं कॉलेज, टीव्हीवर फारसं न दिसलेलं. अंगाने थोडा कमी, पण किकच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या तुकडीत, ज्याला इथे स्पेशल टीम्स म्हणतात, भन्नाट. आमचा अंदाज: सहाव्या फेरीत गेला तर नशीब, सातव्यात शक्य, नाहीतर कुठेच नाही. बॉसने मला घरी पाठवलं, कारण ऑफिसात इतर पोरांचे फोन होते आणि इथे घरच्यांजवळ आकडे सांगू शकेल असं कुणीतरी हवं होतं.

घर भरलेलं. मावश्या, शेजारी, कॉलेजातले दोस्त. बार्बेक्यू दुपारपासून चालू. आईने टेबलावर केक आणून ठेवलेला, त्यावर नावापुढची जागा मुद्दाम कोरी. टीमचं नाव कळलं की लिहायचं. वडील जीपच्या कारखान्यातून रिटायर झालेले, टीव्हीच्या अगदी समोरच्या खुर्चीत, कुणाशी न बोलता.

आता सातव्या फेरीचं गणित सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ड्राफ्ट झालेल्या पोराला चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळतं. सातव्या फेरीत पगार किमानच: २०२४ ला ७ लाख ९५ हजार डॉलर, आणि चार वर्षांचे मिळून कागदावर चाळीस लाखांच्या वर. ऐकायला काय छान वाटतं! यातला हमीचा भाग म्हणजे सायनिंग बोनस, सही केल्याबद्दल मिळणारे पैसे, तो लाखभर डॉलरच्या आसपास. बाकीचे पैसे टीममध्ये टिकलात तर. ऑगस्टअखेर ९० माणसांतून ५३ ठेवतात. तुम्ही चोपन्नावे असाल तर ते चाळीस लाख गेले.

नाव न आलेला पोरगा मात्र ड्राफ्ट संपला त्या मिनिटाला मोकळा. ज्या टीमला हवा तिच्याशी बोलू शकतो, दोन-तीन जणांना एकमेकांविरुद्ध खेळवू शकतो. कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं. अशा पोरांना द्यायच्या सायनिंग बोनसवर प्रत्येक टीमला एकूण मर्यादा असते, म्हणून टीम्स पगारातलाच एक तुकडा हमीचा करून देतात. तो बऱ्याचदा सातव्या फेरीच्या बोनसपेक्षा मोठा निघतो. शिवाय नियम असा की ड्राफ्ट झालेल्याला तीन हंगाम संपेपर्यंत कॉन्ट्रॅक्ट बदलून मागता येत नाही, मोकळ्याला दोननंतर येतं. सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये सगळ्यात शेवटचा, २६२ वा. फेब्रुवारी २०२४ ला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, खेळला, आणि तरी त्या पुढच्या हंगामात त्याचा पगार ९ लाख ८५ हजार. २६ कोटी ५० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट त्याला मे २०२५ मध्ये मिळालं, वाट बघण्याची ती मुदत उलटल्यावर. तेवढ्यात गुडघा गेला असता तर?

म्हणून सातव्या फेरीच्या शेपटाला चांगला एजंट मनातल्या मनात म्हणत असतो, आता कुणी नाव घेऊ नका रे. उघड मात्र कुणी म्हणत नाही. कारण पुढच्या वर्षी नव्या पोरांच्या घरी जाताना एजंट काय सांगतो? 'आमची इतकी पोरं ड्राफ्ट झाली.' मोकळी राहिलेली त्या यादीत येत नाहीत. आमच्या बॉसला दोन्ही कळत होतं.

सहावी फेरी गेली. घरातला आवाज हळूहळू उतरला. सातवी सुरू झाली, इथे एका नंबरला फक्त चार मिनिटं. पोराचा फोन वाजला आणि सगळं घर उभं राहिलं. पण तो बॉस होता. पोराने मला डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही गॅरेजमध्ये गेलो. फोन स्पीकरवर.

बॉस म्हणाला, "एका टीमचा फोन आलाय. अजून चार नंबरांनी त्यांची पाळी आहे. तुला घ्यायच्या विचारात आहेत. दुसऱ्या एका टीमने सांगितलंय, मोकळा राहिला तर दोन लाख हमीचे देतो. पहिल्यांना मी नको सांगू शकतो. ऐकतीलच असं नाही. काय करू?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप उघडला. पहिल्या टीमकडे लाइनबॅकर सहा, त्यातले पाच पक्के, चौघांची कॉन्ट्रॅक्टं दोन वर्षांच्या पुढची. दुसऱ्या टीमकडे चार, त्यातला एक तिशी ओलांडलेला, आणि स्पेशल टीम्सचा त्यांचा मुख्य माणूस मार्चमध्येच सोडून गेलेला.

"तुझं मत काय?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "मत देणं माझं काम नाही. पण पहिल्या टीममध्ये तू ऑगस्टमध्ये कुणाला मागे टाकणार, ते नाव मला या तक्त्यात सापडत नाही."

तो बराच वेळ, म्हणजे अर्धं मिनिट असेल, भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नको सांगा. आणि बाबांना मी सांगेन, तुम्ही नाही."

बाहेर आलो. आईने विचारलं, कोण होतं? "एजंट," तो म्हणाला. खोटं नव्हतं.

मग ती चार नावं. मी आयुष्यात पुष्कळ मॅचेस श्वास रोखून बघितल्यात, पण टीव्हीच्या खालच्या पट्टीकडे असं कधी बघितलं नव्हतं. त्या टीमची पाळी आली. नको सांगितलं तरी त्यांनी घेतलं असतं तर चार वर्षं तिथेच, आणि वर मनात आढी. नाव जाहीर झालं: एक पंटर, म्हणजे बॉल लांब लाथाडणारा. खोलीत "शी!" असा एकच आवाज उठला आणि पोराने व मी एकमेकांकडे बघायचं टाळलं. माझ्या शेजारच्या मावशीने माझा दंड दाबला. बिचारी माझं सांत्वन करत होती.

२५७ वं नाव लागलं. आई स्वयंपाकघरात गेली. वडील खुर्चीतून वळले, आणि पोराला सोडून मला विचारलं, "तू एजंटचा माणूस ना? एकानेही फोन केला नाही?"

मी म्हटलं, "सर, ते त्यालाच विचारा."

पोराने तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. वडिलांचा चेहरा लाल झाला. काय बोलले ते लिहीत नाही; सार एवढंच की या घराण्यात पहिल्यांदा टीव्हीवर नाव येणार होतं आणि ते तू हाकलून दिलंस. मावश्यांनी पोरंटोरं अंगणात नेली. मधल्या वेळात पोराचा फोन सारखा वाजत होता, दोन नव्या टीम्सचे कोच, पण तो उचलेना. या गडबडीत मिनिटं महाग असतात. टीम्सच्या याद्या भरत जातात, लाइनबॅकर कमी नसतात. मी बॉसला मेसेज केला: पाच मिनिटं द्या.

दोन मिनिटांतच वडील म्हणाले, "हमीचे किती?"

"दोन लाख."

"लिहून?"

मी बॉसने पाठवलेलं स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. हा माणूस तीस वर्षं युनियनचा सभासद, कराराचे कागद वाचत आलेला. माझ्या ते तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. एका ठिकाणी बोट थांबलं. "हे दोन पगार कशाला लिहिलेत?"

मी सांगितलं की याला स्प्लिट म्हणतात. पोरगा जखमी यादीत गेला तर पगार खालच्या आकड्याने, निम्म्याजवळ. नव्या पोरांच्या कॉन्ट्रॅक्टात हे सर्रास असतं, काढून मिळणं मुश्कील.

"आणि दोनच लाख का? हा आकडा कुणी ठरवला?"

असा प्रश्न मला आजवर कुठल्या बापाने विचारलेला नाही. मी म्हटलं, बहुतेक हिशेब असा असावा: ५३ मध्ये नाही बसला तर सराव-संघात ठेवतात, तिथे यंदा आठवड्याला साडेबारा हजार. हंगाम १८ आठवड्यांचा. सव्वादोन लाख. टीमला तसेही तेवढे खर्चायचे असतात, म्हणून हमी साधारण तिथवर द्यायला ते कुरकुरत नाहीत.

"मग सोळा आठवड्यांचेच का घेताय? अठराचे मागा. तो स्प्लिट ठेवा म्हणावं त्यांना."

मी बॉसला फोन लावला आणि वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग हसू. त्याच्या हातात आता तिसऱ्या टीमची एक लाख सत्तर हजारांची बोलीही होती, ती त्याने दुसऱ्या टीमला नुसती ऐकवली. सात-आठ मिनिटांनी परत फोन आला: दोन लाख दहा हजार हमीचा पगार, पंधरा हजार बोनस. स्प्लिट तसाच.

वडिलांनी बेरीज केली आणि मान हलवली. पोराशी त्या संध्याकाळी ते बोलले नाहीत, निदान मी होतो तोवर तरी. केकवर टीमचं नाव मात्र त्यांनीच लिहिलं आणि स्पेलिंग चुकवलं.

२७ ऑगस्टला दुपारी चारच्या आधी यादी ५३ वर आणायची होती. पोराचं नाव त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच टीमने त्याला सराव-संघात घेतलं, आठवड्याला साडेबारा हजारांवर. ज्यांनी पंटर घेतला त्यांनी तो पंटरही त्याच दुपारी सोडला. मी तक्त्यात दोन्ही नोंदी केल्या आणि बॉसला पाठवल्या. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: बापाचा नंबर जपून ठेव, पुढच्या वर्षी लागेल.