पुढच्या चाकाची घूंघूं आणि स्टिअरिंगची थरथर

मागच्या नोंदीत "आता गाडी शांत झाली" असं लिहून बसलो होतो. शब्द मागे घेतो, मंडळी. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलो आणि पन्नासच्या पुढे पुढून घूंऽऽ सुरू झालं, गिरणी चालू असल्यासारखं. त्याआधी हायवेला ऐंशीला स्टिअरिंग थरथरत होतंच. मी दोन्ही एकाच खात्यावर टाकलं आणि तिथेच तीन आठवडे गेले.

गाडी माहीत आहेच: जुनी डबल केबिन फोर बाय फोर पिकअप, पुढे डिस्क, हबात (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) टेपर बेरिंगची, म्हणजे निमुळत्या रोलरच्या बेरिंगची जोडी, टायर २१५/७५ आर१५.

आधी सगळे करतात तेच केलं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. थरथर थोडी कमी झाली, घूं जशीच्या तशी. मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर साठला गिअर काढून न्यूट्रलमध्ये सोडली. इंजिनाचे फेरे उतरले, आवाज उतरला नाही. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले.

खरं काम झालं ते पुढची-मागची चाकं अदलाबदल केल्यावर. बाजू तीच ठेवली, फक्त पुढची मागे. दोन किलोमीटरांत निकाल लागला: थरथर स्टिअरिंगातून निघून सीटखाली आली आणि घूं पुढेच राहिली. थरथर चाकाबरोबर गेली, आवाज गाडीला चिकटून राहिला. दुखणी दोन होती! हे पहिल्याच रविवारी करायला हवं होतं. जॅक, पाना आणि तासभर घाम, एवढाच खर्च.

हा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. ऐंशीला सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाकाचे दहा फेरे. फोन डॅशबोर्डवर ठेवून कंपनं मोजली तर टोक बरोबर सेकंदाला दहाच्या आसपास, म्हणजे थरथर चाकाचीच. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांच्या आसाकडे जाणारा दांडा) त्याच्या चौपट फिरतो, त्यामुळे त्याच्यावरचा संशयही गेला.

आता घूं. माझा कान शपथेवर सांगत होता की डावं चाक. पसरणी घाटात मात्र डाव्या वळणाला आवाज चढायचा आणि उजव्या वळणाला जवळजवळ विरायचा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणजे गुन्हेगार उजवा. चासीतून आवाज कुठूनही कुठे जातो, कानावर विसंबू नका.

उजवी बाजू जॅकवर घेतली, खाली घोडी (आधाराचा स्टँड) लावली. चाक वर-खाली धरून हलवलं तर बारीकसा टकटक प्ले, म्हणजे ढिलेपणा. डावी-उजवीकडून धरून हलवलं तर त्याहून वेगळं काही नाही, म्हणजे टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) ठीक. मुलाला आत बसवलं.

"बाबा, दाबू?"

"दाब, आणि सोडू नकोस."

ब्रेक दाबताच प्ले गायब. सस्पेन्शनचा बॉल जॉइंट ढिला असता तर ब्रेक दाबूनही हललं असतं. मग एक हात नकलवर (हबामागचा न फिरणारा भाग) ठेवून चाक हाताने फिरवलं, तर बोटांना रवाळ खरखर लागली. डाव्या बाजूला तसं काही नाही.

कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) तारेने टांगला (ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, हात जोडून सांगतो), फ्री व्हील हब (फोर बाय फोरसाठी चाक जोडणारं-सोडणारं टोपण) काढलं, लॉकनट सोडला. बाहेरचं बेरिंग चकचकीत. आतलं बाहेर आलं ते दुधाळ चहाच्या रंगाचं ग्रीस घेऊनच. पाणी! कपाला, म्हणजे बेरिंगच्या बाहेरच्या कड्याला, आतून खवले उडालेले, नखाला अडकत होते. जूनमध्ये घाट उतरून तापलेल्या हबांनिशी ओढ्यात गाडी घातली होती. गरम हब पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलच्या ओठातून पाणी आत ओढते. तेव्हा व्हिडिओ काढला होता, फार आवडला होता सगळ्यांना.

नवं बेरिंग कपासकट घेतलं. जुन्या कपात नवे रोलर बसवण्याची काटकसर करू नये. कप रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. घरातून यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. सकाळी हब उन्हात तापवला आणि जुना कप वर धरून नवा ठोकला. बसेपर्यंत आवाज पोकळ येतो, बूड टेकलं की एकदम ठण्ण. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरमधून पलीकडे निघेपर्यंत भरलं. दोन्ही सील नवी. चाक फिरवत नट आवळला, मागे घेतला, मग स्प्रिंग काट्याने हबाचा स्टड (चाकाचा बोल्ट) ओढून, हब फिरवायला लागणारा जोर मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवला. या कामाला अर्धा तास लागला आणि लागू द्यावा. जास्त आवळलं तर नवं बेरिंगही जळतं.

थरथरीचं उत्तर मामुली निघालं. मागे गेलेलं डावं चाक वर घेऊन रिमजवळ सळई धरली, तर आतली कड एका जागी ३ मिलिमीटर डुलते. रिम वाकलेली. वजनं लावून बॅलन्स होते, सरळ होत नाही. ती आता स्टेफनी.

काल ६० किलोमीटर मारून आलो. घूं नाही, ऐंशीला स्टिअरिंग दोन बोटांवर. उतरून हबांना हात लावला: उजवा कोमट, डावाही तितकाच. पण ओढ्यात डावाही बुडाला होता. सील आणून ठेवलंय, शनिवारी उघडतो.