फळ्यावरची चूक पुसायची नाही

इथे जर्मनीत फळ्यावर आकडा चुकला की मागच्या बाकावरून कुणीतरी सांगतं आणि प्राध्यापक म्हणतात, 'बरोबर, माझं चुकलं.' सांगली-साताऱ्याकडून आलेल्या आपल्या पोरांना पहिल्या सत्रात याचाच मोठा धक्का बसतो. मला त्या कबुलीपेक्षा पुढची दोन मिनिटं मोलाची वाटतात.

डस्टर कुणी उचलत नाही. ती ओळ तोवर सगळ्यांच्या वहीत उतरलेली असते. फळा पुसून वही दुरुस्त होत नाही. चुकलेल्या ओळीवर वेगळ्या रंगाची रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि त्याखालचं काय बदलतं, काय तसंच राहतं, हे मोठ्याने.

६ मीटरचा सिम्पली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला) बीम घ्या, मीटरला १० किलोन्यूटन यूडीएल (सगळ्या लांबीवर सारखा पसरलेला भार). मीटरमागचा भार गुणिले लांबीचा वर्ग, याला ८ ऐवजी ४ ने भागलं (मधोमध एकाच ठिकाणी येणाऱ्या पॉइंट लोडचं सूत्र डोक्यात असलं की हमखास होतं) तर बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवू पाहणारा जोर) ४५ च्या जागी ९० किलोन्यूटन-मीटर येतो. दोन्ही टेकूंवरच्या ३०-३० किलोन्यूटनच्या रिअ‍ॅक्शन (टेकूंनी वर दिलेला आधार) बरोबरच राहतात, शिअर फोर्सची (बीमला कापू पाहणाऱ्या बलाची) आकृतीही. बिघडतो तो सेक्शन, म्हणजे बीमच्या छेदाचा आकार: १५० न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर ताण धरला तर ३०० घन सेंटीमीटर सेक्शन मॉड्युलस (छेदाची वाकण्याला तोंड देण्याची क्षमता) पुरतो, आपण ६०० शोधत बसतो. शिवाय एककं दोन्हीकडे सारखीच, म्हणून एककं तपासून ही चूक सापडत नाही. हे पोरांना कळणं म्हणजे निम्मा धडा झाला! गुपचूप पुसलं असतं तर तो बुडाला असता.

प्राध्यापकांना उत्तर येत नसेल तर 'आत्ता माहीत नाही' म्हणून प्रश्न टिपून घेतात आणि पुढचा तास त्याच प्रश्नाने सुरू करतात. हे दुसरं पाऊल चुकलं तर पहिल्याला अर्थ नाही.

परीक्षेनंतर तपासलेला पेपर बघायचा दिवस असतो. बेरीज चुकली असेल तर गुण वाढतात. आपल्याकडे छायाप्रतीचे पैसे वेगळे, पुनर्मूल्यांकनाचे वेगळे. चूक तपासणाऱ्याची आणि अर्ज पोराने भरायचा, हे मला अजिबात पटत नाही.

तरीही 'आपले सर चूक मानतच नाहीत' असं इथली आपलीच मंडळी म्हणतात तेव्हा राग येतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याची पुढच्या वर्षीची नेमणूक लटकती असते. भरलेल्या वर्गासमोर 'येत नाही' म्हणायला त्याला जे धैर्य लागतं ते इथल्या कायम प्राध्यापकाला लागत नाही. आणि ही रीत आपल्याला परकी कुठे आहे? कर्मवीर अण्णांनी १९३५ साली साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. आजही बी.एड.च्या सराव पाठाला बरोबरीचे विद्यार्थी मागे बसून निरीक्षण लिहितात, पाठ संपला की चुका तोंडावर सांगतात. नोकरी लागली की ती निरीक्षण वही बंद होते, एवढंच.

ती उघडायला खर्च नाही. स्टाफरूमबाहेरच्या फलकावर एक कागद: तारीख, विषय, चुकलेली ओळ, बरोबर ओळ, आणि चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव. सत्र संपेपर्यंत तो काढायचा नाही, कारण गैरहजर पोरांनी वही दुसऱ्याकडूनच उतरवलेली असते.