दादांना शिबिराला पाठवू का?

"दादा फौजेतून पेन्शन घेऊन आले, रात्री झोपत नाहीत, कुकरच्या शिट्टीलाही दचकतात. इगतपुरीला दहा दिवस पाठवू का?" इतक्या घरांतून हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहिते. आत्ता नको.

माझा विपश्यनेला विरोध नाही. पण रोज दहा तासांच्या आसपास मौनात बसणं हा आघातानंतर जडणाऱ्या या मानसिक आजारावरचा (पीटीएसडी) उपचार नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी हे शिबिर योग्य नाही, असं विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच आहे.

होतं काय, ते नीट समजून घ्या. डोळे मिटून श्वास बघायला सांगितला की पहिली दोन-तीन मिनिटं बरी जातात. मग छातीतली धडधड जाणवू लागते. शरीर ती धोक्याची खूण समजतं. श्वास उथळ आणि भराभर होतो, बोटांना मुंग्या येतात, घसा आवळतो. दार पाठीमागे असतं, वर पंख्याची घरघर. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. फौजी उठत नाही. बसायला सांगितलंय ना, मग तो बसतो. पाठ ताठ, चेहरा स्थिर. शिकवणाऱ्याला वाटतं, काय एकाग्रता! आणि आत तो पुन्हा त्याच गाडीत, त्याच स्फोटात असतो. घंटा वाजते तेव्हा अंगावर काटा. ती रात्र जागून जाते, दुसऱ्या दिवशी तो येत नाही, आणि घरचे म्हणतात, "हे मनावरच घेत नाहीत."

म्हणून ध्यानाला बसवायचंच तर असं बसवा: खुर्ची भिंतीला टेकवा, दार समोर दिसू द्या, दिवा चालू ठेवा. डोळे उघडे, नजर चार-पाच फुटांवर जमिनीकडे. लक्ष तळपायांवर: टाच, चवडा, फरशीचा गारवा. पहिला आठवडा फक्त तीन मिनिटं. किती वेळ ते आधी सांगायचं, आणि संपायच्या अर्धं मिनिट आधी हळू आवाजात पुन्हा. घंटा नको, मागून खांद्यावर हात नको. "सैल सोडा" तर म्हणूच नका. सावध राहिला म्हणूनच तो जिवंत परतलाय. बसवत नसेल तर दहा पावलं जायचं, दहा यायचं. घाबरं झालं तर तिथेच थांबवा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला सांगा. नंतर एकट्याला गाठून विचारा. पहिलं "ठीक है" खरं धरू नका.

याने बरं होतं का? मिनिअ‍ॅपोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात 116 जणांवर अभ्यास झाला, 2015 मध्ये छापून आला. आठ आठवडे सजगता (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे लक्ष देणं) शिकलेल्यांची लक्षणं दुसऱ्या गटोपचारापेक्षा थोडी जास्त उतरली. पण आजाराचं निदानच उरलं नाही अशांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. तेव्हा गोळ्या आणि आघातावरचे उपचार थांबवू नका. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवून घ्या. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर 14416 या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (टेलि-मानस) लगेच फोन करा, माणसाला एकटं सोडू नका.

श्वास सगळ्यांना चालतो, असं पूर्वी मीच ठासून सांगायचे. ते चुकलं. पण तळपायांचं तरी काय? ज्याचा पाय सुरुंगात गेलाय, त्याचा नसलेला पायच रात्रभर ठणकत असतो. त्याला मी तळहात सांगते. काहींना तेही नको असतं, आणि खरोखर श्वासच हवा असतो.