डोळ्यांचा डॉक्टर नव्हे हो!

ईएमडीआर थेरपी (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग, म्हणजे डोळे हलवत मनाला बसलेल्या धक्क्यावर इलाज) कशी असते असं कोणी विचारलं की मला थेरपीच्या आधी तो इन्शुरन्सचा क्लेमवाला आठवतो, काय करू.

दोन वर्षांपूर्वी सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये मुंब्र्याच्या वळणावर माझ्या बाजूचा मुलगा दारातून पडला. त्याच्या सॅकचा पट्टा माझ्या मुठीत आला आणि सुटला. त्यानंतर मी पहाटेची रिकामी स्लो पकडायचो, विंडो सीट मिळाली तरी मूठ आवळलेलीच. सायकिअ‍ॅट्रिस्टने पीटीएसडी (भयंकर घटनेनंतर मनावर राहणारा आघात) सांगून ठाण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं.

थेरपी म्हणाल तर सोपी. मॅडम बाजूला बसून दोन बोटं डावीकडे उजवीकडे हलवतात, आपण मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी बघायचं, अर्ध्या मिनिटाने थांबून "काय आलं मनात?" एवढंच विचारतात. हिप्नॉटिझम वगैरे काही नाही, रिक्षांचे हॉर्नसुद्धा ऐकू येत होते. त्रास ० ते १० मध्ये सांगायचा. माझा ९ होता, सहाव्या सेशनला २. आणि मुख्य म्हणजे ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला त्यांनी एकदाही लावलं नाही.

ते काम आमच्या क्लेम डेस्कने केलं.

कंपनीच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे म्हणून बिलं टाकली. बिलावर 'आय मूव्हमेंट' वाचून पहिली क्वेरी आली, नेत्रतज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन जोडा. मी लांबलचक मेल लिहिला, की १९८७ मध्ये फ्रान्सिन शपिरो नावाच्या बाईंना पार्कात चालताना हे सुचलं, २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी शिफारस केली, डोळे नक्की कसं काम करतात यावर तज्ज्ञांचे वाद आहेत पण इलाज मनाचा आहे. उत्तर आलं, "सर, मोतीबिंदू कॅशलेस आहे." मग सायकॉलॉजिस्ट डॉक्टर कुठे असतो म्हणून अडवलं, तर आरसीआयचा, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी परिषदेचा, रजिस्ट्रेशन नंबर दिला (तुम्ही हा पहिल्याच बिलावर छापून घ्या, माझा महिना वाचला असता). मग सायकिअ‍ॅट्रिस्टचं पत्र, त्यात एफ ४३.१ हा पीटीएसडीचा कोड. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ पण चिकटवलं, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असतं म्हणून. चौथी क्वेरी: घटनेचं तारीख-वेळेसह सविस्तर वर्णन द्या.

त्या रात्री मी लॅपटॉपसमोर बसून पट्ट्याबद्दल लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सकाळी बायको म्हणाली, अहो, मूठ बघा. बघितली तर खरंच आवळलेली. पुढचं अख्खं सेशन त्या फॉर्मवर गेलं, त्याचं बिल वेगळं! शेवटी 'रेल्वे अपघात पाहिला' एवढंच लिहून पाठवलं आणि एचआरमधल्या ताईंना मध्ये घातलं, तेव्हा कुठे हललं.

हो, एक राहिलं. सेशनच्या दिवशी पुढे मीटिंग ठेवू नका, नंतर एकदोन दिवस स्वप्नं जास्त पडतात. मी शहाणपणा करून कुर्ल्याला मीटिंग ठेवली आणि घाटकोपरलाच उतरून बाकावर बसलो.

पैसे मागच्या आठवड्यात आले, साडेचार महिन्यांनी, बाराशे कापून. कारण लिहिलंय, चष्म्याची फ्रेम कव्हर होत नाही. मला चष्मा नाहीये.