‘पौंड’ : एक स्पेलिंग, तीन शब्द

या शाळेतल्या इंग्रजीच्या तासांनी आम्हा माजी विद्यार्थ्यांना एक सवय लावली. शब्द ओळखीचा वाटला तरी कोश उघडायचा आणि नोंद व्युत्पत्तीपर्यंत वाचायची. आज दहावीत बसलेल्या मुलांनाही ती लागावी, म्हणून आठवणींऐवजी एका शब्दाबद्दल लिहितो.

मोठ्या इंग्रजी कोशात ‘पौंड’ तीनदा छापलेला असतो आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक आकडा असतो. एका नोंदीच्या पोटातले आकडे म्हणजे एकाच शब्दाचे अर्थ. डोक्यावरचा आकडा म्हणजे मूळच निराळे. पुष्कळ जण पहिल्याच नोंदीतले दोन अर्थ वाचून कोश मिटतात आणि मग भाषांतर फसते.

पहिला पौंड वजनाचा. लॅटिनमध्ये ‘लिब्रा पोंडो’ म्हणजे ‘वजनाने एक लिब्रा’. इंग्रजीने उच्चारायला ‘पोंडो’ घेतला, लिहायला मात्र ‘लिब्रा’ ठेवला. म्हणून पौंडाचा संक्षेप एल-बी, आणि ब्रिटिश चलनाच्या चिन्हातही एल. चलनाशी नाते चांदीमुळे जुळले: एक पौंड चांदीतून २४० पेनी पाडत. चांदी गेली तरी २० शिलिंग गुणिले १२ पेन्स हा २४० चा हिशेब टिकला, तो थेट १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत. त्या दिवसापासून पौंडाचे १०० पेन्स झाले.

आपले आजोबा पौंडाला ‘रत्तल’ म्हणत. हा अरबी ‘रत्ल’, आणि तो ग्रीक ‘लित्रा’वरून आलेला. त्याच ‘लित्रा’पासून लिटर निघाला, आणि लॅटिन ‘लिब्रा’ही त्याच गोतातला. म्हणजे रत्तल, लिटर आणि एल-बी ही एका घरची भावंडे! मला या शब्दातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

व्यवहारात मात्र सांभाळा. नेहमीचा पौंड १६ औंसांचा, ४५३.५९२३७ ग्रॅम, हे माप १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने ठरले. सोन्याचांदीचा ट्रॉय पौंड १२ औंसांचा, सुमारे ३७३ ग्रॅम. पण त्याचा औंस मोठा, ३१.१ ग्रॅमचा. सोन्याचा जागतिक भाव ग्रॅमवर आणताना साधा, २८.३५ ग्रॅमचा औंस धरला, तर प्रत्येक औंसामागे पावणेतीन ग्रॅम चुकतात. एक पौंडाचा केक म्हणजे अर्धा किलो नव्हे. त्याला ४६ ग्रॅम कमी पडतात.

व्याकरणातली नेहमीची चूक: ‘फाइव्ह पौंड्स नोट’. पौंड नामाच्या आधी विशेषणासारखा आला की एस लागत नाही. ‘फाइव्ह-पौंड नोट’ असेच लिहावे.

दुसरा पौंड म्हणजे आपला कोंडवाडा. जुन्या इंग्रजीतल्या ‘पुंड’ म्हणजे कुंपण या शब्दाचा हा वारस. वजनाशी त्याचा काही संबंध नाही. पाणी अडवून धरणारे ‘पाँड’, म्हणजे तळे, हे त्याचेच दुसरे रूप, आणि जप्तीचे ‘इम्पाउंड’ही त्यातलेच. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात हाच पौंड आहे: शेतात शिरलेले जनावर पकडले की २४ तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोचवायचे. तिथे ‘पौंड-कीपर’चे भाषांतर कोंडवाड्याचा रखवालदार असेच हवे.

तिसरा पौंड क्रियापद: कुटणे, कांडणे, ठोकणे. जुन्या इंग्रजीत तो ‘पुनियान’ होता. खलबत्त्यात मिरी कुटतात तोही पौंड, आणि छाती धडधडते तोही. याच्या शेवटचा ‘ड’ मुळात नव्हताच. ‘न’वर जीभ टाळूला टेकते, ती उचलताना नाकाची वाट क्षणभर आधी बंद झाली की ‘ड’ आपोआप उमटतो. बोलण्यातला तो ‘ड’ पुढे लिखाणात स्थिरावला आणि तिन्ही शब्दांचे स्पेलिंग एक झाले.

आवाज या अर्थाच्या ‘साउंड’मध्येही हेच घडले: लॅटिन ‘सोनुस’, मग ‘सून’, मग ‘साउंड’. पण निरोगी, सामुद्रधुनी आणि खोली मोजणे या अर्थांचे ‘साउंड’ आणखी तीन आहेत. शाळेच्या ग्रंथालयातला मोठा कोश काढा आणि त्या चारही नोंदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.