मिठूचं उघडं दार

चौथीत असताना कथाकथन स्पर्धेत मी दोन पोपटांची गोष्ट सांगितली होती. रानातला उपाशी पण मोकळा, पिंजऱ्यातला गुबगुबीत पण कैदी. शेवटी रानातला ऐटीत उडून जातो आणि टाळ्या. मला दुसरा नंबर आणि एक कंपासपेटी मिळाली.

त्याच संध्याकाळी वाईच्या आमच्या घरी ओसरीवर टांगलेल्या मिठूच्या पिंजऱ्याचं दार मी वर सरकवलं आणि दोऱ्याने बांधून टाकलं. बक्षीस मिळालं की माणूस तत्त्वाला जागतो!

मिठू बराच वेळ बाहेर आलाच नाही. आधी पेरूची फोड पुरती कोरून झाली. मग चोच गजाला अडकवून, एक पाय, दुसरा पाय, असा टपावर चढला. पंख पसरले आणि धप्पकन अंगणात पडला. तुळशीवृंदावनाला चिकटून थरथरत बसला, डोळ्यांतली बाहुली सारखी लहान-मोठी होत होती. कौलांवर शेजारची मांजर होतीच. मी त्याला फ्रॉकच्या ओच्यात घालून पिंजऱ्यापाशी नेलं, तर आपणहून आत शिरला, थेट दांडीच्या टोकाला.

आजी म्हणाली, "अगं, त्याला उडायला शिकवलंय कुणी?"

खरंच की. ढोलीतून पिल्लं काढतात ती पंख फुटायच्या आधीच. आजोबांनी जत्रेतून आणला तेव्हा म्हणे मिठूच्या अंगावर नुसत्या काड्या होत्या. गळ्यातली काळी-गुलाबी कंठी पुढे दोन-तीन वर्षांनी आली, तेव्हा कुठे तो नर असल्याचं कळलं. आपला देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हे तर मला नोकरी लागल्यावर समजलं. आमच्या आळीत चार घरी पोपट होते, त्यातलं एक घर फौजदाराचं.

त्या गोष्टीचा मला आता राग येतो. तिच्यात पिंजऱ्यातला पोपट खादाड, आळशी, सुखाला चटावलेला. ढोलीतून त्याला काढणारा हात मात्र गोष्टीत कुठेच नाही. टाळ्या घेताना मलाही तो दिसला नव्हता.

संध्याकाळी कृष्णेपलीकडच्या झाडांकडे निघालेले पोपटांचे थवे कलकलाट करत घरावरून जायचे. मिठू हातातली मिरची टाकून मान तिरकी करायचा, वर बघायचा आणि हुबेहूब आजीच्या आवाजात ओरडायचा, "कोण आलंय? बसा, चहा टाकते!"