तुम्ही विचारलंत म्हणून: ५० केल्विनजवळचा उंचवटा

"मॅग्नेटायझेशनच्या (सॅम्पल किती चुंबकित झालं याच्या) तापमानासमोर काढलेल्या आलेखात ४० ते ६० केल्विनच्या दरम्यान छोटा उंचवटा दिसतोय. नवं चुंबकीय संक्रमण सापडलं का?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी ऑक्सिजन बाहेर काढा, मग बोलू.

ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, म्हणून तो स्वतःच चुंबकीय आहे. तो ५४ केल्विनला गोठतो, आणि आणखी थंड केला की ४४ केल्विनजवळ त्याची स्फटिकरचना बदलून ससेप्टिबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) एकदम घसरते. हवा शिरते एअरलॉकच्या (सॅम्पल आत सोडायच्या दालनाच्या) झिजलेल्या ओ-रिंगमधून, सच्छिद्र पेलेटमधून (भुकटी दाबून केलेल्या गोळीतून) आणि फार वेळा बंद जिलेटिन कॅप्सूलमधून. कॅप्सूलला सुईने दोन बारीक भोकं पाडा. खोलीच्या तापमानालाच चेंबर पंप करून हेलियम भरा, असं तीनदा तरी. भुकटी असेल तर पंपिंग बराच वेळ चालू ठेवा. मग तोच आलेख पुन्हा घ्या. उंचवटा लहान झाला, तर तो सॅम्पलचा नव्हता.

पायरी १२० केल्विनजवळ असेल तर संशय मॅग्नेटाइटवर, म्हणजे चुंबकीय लोह-ऑक्साइडच्या भेसळीवर घ्या. पोलादी चिमटाही लोखंडाचे कण सोडून असाच घात करतो. लोखंडाचं संपृक्त मॅग्नेटायझेशन ग्रॅममागे सुमारे २१८ ईएमयू (चुंबकीय आघूर्णाचं एकक) असतं, म्हणजे १ मायक्रोग्रॅमचा कण २×१०⁻⁴ ईएमयू देतो. स्क्विड (अतिसंवेदनशील चुंबकमापक) याच्या शंभरावा भागही सहज वाचतो. चिमटा प्लास्टिकचाच वापरा.

एवढं करूनही उंचवटा टिकला, तर विशिष्ट उष्णता मोजा. मला सर्वांत जास्त भरवसा याच कसोटीचा वाटतो, कारण किंचितशी भेसळ मॅग्नेटायझेशनमध्ये ओरडते पण उष्णतेत तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो. जालकाचा (अणूंच्या कंपनांचा) वाटा वजा करून सी भागिले टी (विशिष्ट उष्णता भागिले तापमान) या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा, तीच चुंबकीय एन्ट्रॉपी. स्पिन अर्धा असेल तर मोलमागे सुमारे ५.७६ जूल प्रति केल्विन एन्ट्रॉपी अपेक्षित आहे. हाती त्याचे दोन-तीन टक्केच आले तर भेसळीची शक्यता आधी तपासा. मात्र स्पिन-ग्लासमध्ये (जिथे स्पिन अस्ताव्यस्त दिशांना गोठतात) टोकदार शिखर येतच नाही, तिथे एसी ससेप्टिबिलिटी (उलटसुलट बदलणाऱ्या क्षेत्रातली) वेगवेगळ्या वारंवारतांना घ्यावी लागते.

विशिष्ट उष्णतेच्या मोजणीत सॅम्पल प्लॅटफॉर्मला (उपकरणातल्या छोट्या तबकाला) चिकटवणाऱ्या ग्रीसकडे लक्ष हवं. प्लॅटफॉर्मवर ग्रीस लावून आधी ते एकटं मोजा आणि त्याच थरावर सॅम्पल ठेवा. वर नवा थेंब लावलात तर वजाबाकी चुकते. पेलेटची खालची बाजू सपाट घासलेली हवी. कपलिंग (सॅम्पल आणि प्लॅटफॉर्म यांच्यातला उष्णतेचा संपर्क) ९० टक्क्यांखाली आलं, तर ते आकडे वापरू नका, सॅम्पल काढून पुन्हा बसवा. ॲपिएझॉन एन ग्रीसची स्वतःची विशिष्ट उष्णता २०० केल्विनच्या वर वेडीवाकडी होते, तेव्हा तिथल्या शिखरासाठी ॲपिएझॉन एच ग्रीस घ्या.